माडामागचा टॉवर

गेल्या पावसाळ्यात आम्ही घरचे सगळे मिळून पणजीला एक चित्रपट पाहायला गेलो होतो. शंभर वर्षांपूर्वीच्या किनाऱ्यावरची गोष्ट होती. गलबते, बंदर, कंदिलाच्या उजेडातली घरे, असा सगळा थाट होता. चित्रपट संपला, दिवे लागले, लोक नेहमीप्रमाणे पायांनीच चपला चाचपू लागले, आणि माझी मावशी, जिला आम्ही सगळे माई म्हणतो, समाधानाने म्हणाली, "बरं झालं बाई, ह्यात ते कंप्युटरचं काही नव्हतं. सगळं कसं खरंखुरं." शेजारी बसलेला माझा भाचा नुसता हसला. तो अजून उठलाही नव्हता. पडद्यावरून वर सरकणाऱ्या नावांच्या रांगांकडे तो पाहत होता, आणि पॉपकॉर्नचे डबे गोळा करणारा मुलगा आमच्याच रांगेपाशी येऊन, ही मंडळी कधी हलतात याची वाट पाहत उभा होता. नावे संपली. भाचा मुंबईत ज्या स्टुडिओत काम करतो त्याचे नाव आले. त्याचे आले नाही. त्या चित्रपटावर त्याने कित्येक महिने काम केले होते.

कसले काम, ते त्याने मला परतताना गाडीत सांगितले. त्या बंदराच्या दृश्यात नायिका धक्क्यावर उभी आहे आणि मागे माडांची रांग आहे. चित्रीकरण झाले तिथे त्या माडांच्या मागे मोबाइलचा टॉवर होता. शंभर वर्षांपूर्वीच्या बंदरात तो चालणार कसा? तो पुसायचा, एवढेच याचे काम. पण माडाचे चूडत वाऱ्यावर हलते, त्याची एकेक पाती वेगळी हलते, आणि त्या पात्यांच्या फटींतून मागचा टॉवर दिसत राहतो. टॉवर काढून तिथे आकाश भरायचे तर आधी पुढच्या प्रत्येक पातीची कड रेखून ती मागच्या चित्रापासून सोडवून घ्यावी लागते. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे सेकंदाला २४ या हिशेबाने १२० फ्रेम. आणि प्रत्येक फ्रेममध्ये पाती थोडी सरकलेली, थोडी वळलेली, वेगाने हलली असेल तर कडेला धुरकट झालेली. रेघ केसभर इकडेतिकडे झाली तर एकेका चित्रात काही कळत नाही, पण चित्र चालू केले की कड थरथरू लागते. 'एज बॉइल होतंय' असे ही मुले म्हणतात, आणि वरिष्ठाने तेवढे म्हटले की दोन दिवसांचे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. मी तो शॉट पाहिला होता. मला नायिकेच्या लुगड्याचा रंग आठवत होता. माड होते हेसुद्धा त्याने सांगितल्यावर आठवले.

हे त्याने माईला सांगितले नाही.

माईच्या त्या वाक्याने मला पुढे बरेच दिवस छळले. त्या मुलाच्या कामाची त्याहून मोठी पावती कोणी देऊ शकले नसते, आणि त्याहून मोठा अपमानही. त्यात माई बोलली ते मीही एरवी बोलतच असतो. पडद्यावर शहरे कोसळू लागली, आकाशातून यंत्रांचे थवे उतरू लागले, की मला झोप येते. कोणी पैलवान मुठीने बारा गाड्या उडवतो तेव्हा त्या गाड्यांना वजन नसते, त्यांच्यातून धूळही हिशेबाने उडते, आणि माझे मन खुर्चीत मागे रेलून बसते. हे वयाचे लक्षण आहे असे घरातली मुले म्हणतात. असेलही. पण आश्चर्य वाटण्याची माझी भूक मेलेली नाही, कारण तिचे पोषण ज्या ठिकाणी झाले ती जागा मला अजून स्पष्ट दिसते.

ती जागा म्हणजे फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या देवळासमोरच्या रंगमंचाची उजवी विंग. उत्सवात रात्री गावची मंडळी नाटक करीत. संगीत, ऐतिहासिक, क्वचित सामाजिक. पडदे, दागिने, दाढ्या भाड्याने येत, पण उजेड मात्र घरचा असे आणि तो पुंडलीकबाबांच्या ताब्यात असे. पुंडलीकबाब वायरमन होते. त्यांच्याकडे एक डिमर होता, जो कोणत्याही दुकानात मिळाला नसता. भाजक्या मातीचा एक जाड नळ, तळाला सिमेंटने बुजवलेला, त्यात मिठाचे पाणी. तळाशी एक लोखंडी पट्टी, तिला एक तार. वरून दोरीला बांधलेली दुसरी पट्टी, तिला दुसरी तार. दोरी छोट्या कप्पीवरून त्यांच्या हातात. दोरी सैल सोडली की वरची पट्टी पाण्यात उतरे, दोन पट्ट्यांमधले अंतर कमी होई आणि रंगमंचावरचा दिवा उजळू लागे. ओढली की मावळे. पुंडलीकबाब रबरी चपला घालून फळीवर उभे राहत आणि आम्हा पोरांना नळाच्या आसपास फिरकू देत नसत, कारण त्या पाण्यात वीज होती. फार वेळ दिवा चालला तर पाणी तापून बुडबुडे येत, खारट वाफेचा एक चमत्कारिक वास विंगेत भरे, आणि पाणी तापल्यामुळे वीज जास्त सुटून दिवा आपोआप प्रखर होऊ लागे. मग करुण प्रसंग ऐन रंगात असताना पुंडलीकबाब तांब्याने थंड पाणी घालून उजेड पुन्हा करुण करीत.

आम्ही पोरे मुद्दाम त्या विंगेत दाटी करून बसायचो, कारण तिथून दोन्ही दिसे: समोर राजा आणि बाजूला दोरी. पहाटेच्या प्रवेशात राजाने "उगवतीला तांबडं फुटलं" असे म्हटले की पुंडलीकबाबांची बोटे हलू लागत. दिव्यावर लाल जिलेटिनचा पारदर्शक कागद लावलेला असे. दोरी इतकी सावकाश सुटे की उजेड कधी वाढला हे कळतच नसे, एकदम राजाच्या शेल्यावरचा जर दिसू लागे आणि मागच्या पडद्यावरचा रंगवलेला डोंगर गुलाबी होई. मीठ कुठल्या दुकानातून आले, तेही आम्हांला ठाऊक होते. तरी दर वेळी सूर्य उगवत असे आणि दर वेळी अंगावर काटा येत असे. दुसऱ्या दिवशी तिठ्यावर लोक पुंडलीकबाबांना थांबवून सांगत, "काल सूर्य बरा उगवला हो!" आणि ते संकोचून, व्होल्टेज चांगले होते, असे काहीतरी बोलत.

जादू कळली की तिची गंमत जाते असे म्हणणारे विंगेत कधी बसलेले नसावेत.

भारतात चित्रपटांचा पाया ज्यांनी घातला ते दादासाहेब फाळके स्वतः जादूचे प्रयोग करीत, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. एका जर्मन जादूगाराकडून ते ही विद्या शिकले होते आणि आपलेच आडनाव उलटवून 'प्रोफेसर केल्फा' या नावाने ती दाखवीत. १९१३ चा पहिला चित्रपट काढण्याआधी भांडवल मिळवायचे म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचा वेल वाढत असताना दिवसामागून दिवस एकेक चित्र टिपत गेले. मग काही क्षणांत बियातून वेल वर आलेला लोकांनी पाहिला. त्यात खोटे काय होते? वाटाणा खरा, ऊन खरे, फक्त काळ आवळलेला. पण मला त्याहून मोलाची वाटते ती त्यांची १९१७ मधली एक छोटी फिल्म, जिच्यात चित्रपट कसा तयार होतो तेच त्यांनी दाखवले आहे. तिचा जो तुकडा शिल्लक आहे त्यात फाळके स्वतः तालीम घेताना, फिल्म तपासताना दिसतात. जादूगाराने आपली बाही वर करून दाखवावी, आणि तीही धंदा नुकता जम धरत असताना, याला मोठा आत्मविश्वास लागतो. त्याच वर्षी त्यांनी मारुतीला आकाशातून लंकेवर नेले आणि लोकांनी तो गर्दी करून पाहिला. एका कृतीने दुसरीचे काही बिघडले नाही.

पुढे दूरदर्शनवर 'रामायण' आले. १९८७ साली आमच्या वाड्यावर मोजके टीव्ही होते आणि रविवारी सकाळी त्या घरांच्या पडव्या भरून जात. दोन बाण हवेत समोरासमोर येत, एकमेकांना भिडत, ठिणग्या उडत आणि एक बाण विझे. २०२० च्या टाळेबंदीत तीच मालिका पुन्हा दाखवली गेली तेव्हा घरातली मुले ते बाण पाहून पोट धरून हसली. माझ्या आईला राग आला. भाचा तेव्हा शिकत होता. तो मात्र हसला नाही. एक चित्र दुसऱ्यावर कसे चढवत, कडेला निळसर रेघ का राहून जाई, हे तो आजीला समजावत बसला, आणि आजीने ते सगळे शांतपणे ऐकून घेतले, मान डोलावली आणि पुढच्या प्रसंगाला पुन्हा हात जोडले. तिला दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य होत्या.

संगणकाने चित्रपटाचे काय केले याबद्दल मी तावातावाने बोलू लागलो की मला गप्प करण्यासाठी मुले डायनोसॉर काढतात, आणि ते बरोबरच करतात. १९९३ चा 'जुरासिक पार्क' आपल्याकडे हिंदी बोलत आला तेव्हा मीही थिएटरात तोंड उघडे टाकून बसलो होतो. संगणकाने काढलेले प्राणी इतके जिवंत त्याआधी कोणी पाहिले नव्हते. पण त्या चित्रपटातला जो क्षण माझ्या मणक्यातून गेला त्यात डायनोसॉर दिसतच नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या पेल्यातल्या पाण्यावर वर्तुळे उठतात, एवढेच दिसते. तशी एकात एक नेमकी वर्तुळे काही केल्या उठेनात. शेवटी डॅशबोर्डखाली गिटारची तार ताणून बसवली आणि खालून कोणीतरी ती छेडली. हे मी नंतर वाचले, आणि वाचल्यावर तो प्रसंग मला जास्त आवडू लागला. एवढ्या मोठ्या यंत्रणेच्या पोटात एक माणूस वाकून तार छेडत बसला आहे, या कल्पनेत पुंडलीकबाबांची दोरी मला दिसते.

व्हिडिओ गेमबद्दल माझे मत माझ्या वयाच्या माणसांपेक्षा बरेच उदार आहे, आणि त्याचे श्रेय एका संगणक-वर्गाला आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला संगणकाच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. आत थंडगार हवा, गालिचा आणि देवघराचा दरारा. सर चहाला गेले की कोणीतरी खिशातून फ्लॉपी काढी आणि पडद्यावर पांढऱ्या कपड्यांतला तो राजपुत्र अंधारकोठडीत धपकन पडे. साठ मिनिटांत राजकन्येपर्यंत पोचायचे. त्याचे धावणे, उडी चुकता चुकता बोटांनी कड पकडून लोंबकळणे, स्वतःला वर ओढून घेणे, हे त्या काळच्या दुसऱ्या कोणत्याच गेममध्ये नव्हते. ठिपक्यांच्या त्या बाहुल्याला शरीर होते. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा १९८९ चा गेम जॉर्डन मेकनर याने जवळजवळ एकट्याने घडवला. त्याने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला लावले, त्याचे व्हिडिओ चित्रण केले आणि फ्रेममागून फ्रेम गिरवून राजपुत्र तयार केला. आमच्या हाताखाली धावत होता तो एका माणसाचा भाऊ होता.

त्याच गेमची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. मेकनरला राजपुत्रासमोर एक तोडीस तोड शत्रू हवा होता, पण ज्या संगणकासाठी तो गेम लिहीत होता त्याची मेमरी संपली होती. नव्या पात्राची चित्रे ठेवायला जागाच नव्हती. मग त्याने राजपुत्राचीच चित्रे घेतली, गणिताच्या एका युक्तीने ती किंचित सरकवून स्वतःवरच उलटवली, आणि त्यातून एक झिलमिलणारी छाया उभी राहिली. आरशातून उडी मारून बाहेर पडणारी ती छाया राजपुत्राची वैरी. तिला तलवारीने मारावे तर आपणच मरतो. पुढे काय करायचे हे ज्यांना ठाऊक नाही त्यांची मजा मी घालवणार नाही. वर्गात आम्ही त्या प्रसंगावर तासन्‌तास डोके खाजवले होते. संपूर्ण गेममधली सर्वांत खोल कल्पना जागेच्या टंचाईतून आली होती.

असे या क्षेत्रात पुष्कळदा घडले आहे. जपानमधल्या तोमोहिरो निशिकादो याने १९७८ मध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' केला. त्यातले परग्रहवासी मारले जातील तसतसे उरलेले अधिकाधिक वेगाने अंगावर येतात, आणि खेळणाऱ्याचा जीव वरखाली होतो. हा वेग मुळात कोणी योजलेला नव्हता. सगळी फौज पडद्यावर काढताना प्रोसेसर दमत होता. शत्रू कमी झाले की त्याच्यावरचा भार हलका होई आणि तो भराभर चित्रे काढू लागे. निशिकादोने ते पाहिले आणि तसेच ठेवले. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' अवघ्या ४० किलोबाइटमध्ये मावला. त्यातले ढग आणि झुडपे म्हणजे एकच आकृती आहे, फक्त रंग वेगळे. आमच्या वाड्यावरच्या पोरांनी भाड्याच्या टीव्ही गेमवर तो मनसोक्त खेळला आणि त्या झुडपांबद्दल कोणी तक्रार केली नाही. खेळणारा उरलेले स्वतः भरत असतो. आजचे गेम पाहतो तेव्हा मी थक्क होतो. घोड्याच्या मानेवर घाम चमकतो, चिखलात पावले उमटतात, सूर्य ढगामागे गेला की भिंतीचा रंग बदलतो. हे करायला हजारो माणसे वर्षानुवर्षे राबतात. पण पाहुणा म्हणून त्या जगात फिरताना माझ्यासाठी काही शिल्लक ठेवलेले नसते, सगळे आधीच भरून झालेले असते. अपवाद आहेतच. पुण्यातल्या काही मंडळींनी २०२० मध्ये 'राजी' नावाचा गेम आणला. सर्कशीतली एक मुलगी हरवलेल्या भावाला शोधत निघते, आणि मधल्या कथेचे भाग छायाबाहुल्यांच्या रूपात येतात. आमच्या सीमेपलीकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची मंडळी चामड्याच्या बाहुल्या दिव्यासमोर नाचवून रामकथा सांगत आली आहेत, हे ज्याने पाहिले आहे त्याला त्या गेममधली काळी आकृती पाहताना मागे कोणाचे तरी मनगट आहे असे वाटत राहते.

मेकनरची गोष्ट मी भाच्याला मोठ्या उत्साहाने सांगितली, तर तो म्हणाला, "मामा, तेच तर मी करतो." आणि ते खरेच होते. चालत्या चित्राच्या कडा फ्रेमनिहाय गिरवण्याच्या या रीतीचे पेटंट मॅक्स फ्लायशर याने १९१५ मध्ये मागितले होते. काचेवर खालून चित्र पाडायचे आणि वरून पेन्सिल फिरवायची. तीच रीत मेकनरने भावासाठी वापरली आणि तीच माझा भाचा माडाच्या पातीसाठी वापरतो. फरक एवढाच की मेकनरने गिरवले ते नायक झाले, आणि भाच्याने गिरवले ते कोणाला दिसू नये अशी अट आहे. त्याच्या स्टुडिओत शिरताना मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. कोणत्या चित्रपटावर काम चालू आहे हे तो प्रदर्शित होईपर्यंत घरी सांगता येत नाही. एका सबंध चित्रपटातले आपल्या वाट्याला आलेले पाच-सात शॉट एवढेच त्याला माहीत असतात. त्यांच्या आधी काय घडते आणि पुढे काय, हे तो आमच्यासारखाच तिकीट काढून पाहतो.

मोठ्या पडद्यावर कौतुक कोणाचे होते हे पाहिले की मन कडवट होते. 'लाइफ ऑफ पाय' मधला वाघ जगाने डोक्यावर घेतला. त्यातला बहुतेक वाघ संगणकावर, केस न्‌ केस करून घडवलेला होता. तो घडवणाऱ्या 'रिदम अँड ह्यूज' या कंपनीची मुंबई आणि हैदराबाद इथेही कार्यालये होती. या कंपनीने फेब्रुवारी २०१३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच महिन्यात, अवघ्या दोन आठवड्यांत, त्या वाघाला ऑस्कर मिळाले. पारितोषिक घेताना प्रमुखाने कंपनीच्या आर्थिक संकटाचा विषय काढला तोच वेळ संपल्याचे संगीत वाजू लागले आणि त्याचा माइक बंद झाला. सभागृहाबाहेर त्या दिवशी याच क्षेत्रातली माणसे निदर्शने करत होती. अलीकडे तर उलटाच प्रकार सुरू झाला आहे. 'सगळे खरे, संगणकाचे काही नाही' अशी जाहिरात केलेली चालते. २०२२ च्या 'टॉप गन: मॅव्हरिक'चे नट खरोखरच्या विमानांत बसले याचे केवढे कौतुक झाले, आणि ते रास्तही होते, पण त्या चित्रपटात दृश्य-परिणामांचे शॉट सुमारे २,४०० होते, हे फारसे कोणी मिरवले नाही. माईचे वाक्य आता जाहिरात म्हणून विकले जाते.

पुंडलीकबाब आणि भाचा यांची तुलना मी त्याच्यापाशी केली तेव्हा त्याने ती सहजासहजी मान्य केली नाही. "पुंडलीकबाबांचा सूर्य एखाद्या रात्री वाईट उगवला असता तरी तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या," तो म्हणाला. "ते तुमचे होते. आमचं काम ज्यांना आम्ही माहीत नाही त्यांनी पाहायचं असतं, म्हणून ते नीटच असावं लागतं." मला यावर चटकन उत्तर सुचले नाही. दोर दिसणारी जादू मला आवडते, हे खरे; पण आजच्या प्रेक्षकाला दोर दाखवून चालत नाही, आणि दोर न दिसू देण्यासाठी जी नजर आणि जो चिकाटपणा लागतो तो दोर ओढण्याच्या कौशल्याहून कमी नाही. आपले काम दिसावे अशी त्याची इच्छाच नाही. दिसले तर ते चुकले. फक्त नाव यावे, एवढे त्याला वाटते, आणि तेही तो कुरकुर न करता सांगतो. हल्ली कडा गिरवण्याचे पहिले काम यंत्रच करून देते. हा नंतर ती साफ करतो. पूर्वी याच गिरवण्याला तो हमाली म्हणायचा. आता ती हमाली हातची जाते आहे म्हटल्यावर त्याला काळजी वाटते, कारण नवीन येणारी पोरे पाहायला शिकतात ती तिथेच. माडाची पाती वाऱ्यावर कशी वळते हे आपण हजारदा रेघ ओढल्याशिवाय कळले नसते, असे त्याचे म्हणणे आहे.

दिवाळीला तो घरी आला. नरकासुराच्या रात्री, म्हणजे पहाटे जाळायचे नरकासुराचे पुतळे पोरे जागोजागी उभे करतात त्या रात्री, आम्ही दोघे गावात फिरलो. हल्लीच्या नरकासुरांबद्दल माझे मत चांगले नाही. कानठळ्या बसवणारी गाणी, रंगीत झोत, बक्षिसांच्या रकमा, आणि पहाटे जाळायचा तो असुर लोखंडी सांगाड्याचा असल्यामुळे पुरता जळतही नाही. सांगाडा पुढच्या वर्षासाठी उचलून ठेवतात. आमच्या वेळी बांबू, पेंढा आणि कागद असे. पण देवळाजवळच्या पोरांचा नरकासुर हलत होता. मान वळवत होता, गदेचा हात वर नेत होता, आणि मागे जाऊन पाहिले तर गाडीच्या वायपरच्या जुन्या मोटरी, सायकलची चेन आणि वेल्डिंगचे ओबडधोबड सांधे. एक पोरगा आत वाकून तारा जोडत होता. शेजारी भला मोठा फ्लेक्स लावला होता, आणि त्यावर सगळ्या पोरांचे फोटो, टोपणनावांसकट. वेल्डिंग करणारा, मुखवटा रंगवणारा, पेंढा आणणारा, टेम्पो देणारा. असल्या फ्लेक्सची मी आजवर टिंगलच करत आलो आहे. त्या रात्री मी तो शेवटपर्यंत वाचला.

भाच्याचे लक्ष फ्लेक्सकडे नव्हते. तो नरकासुराचा हात पाहत होता. हात एकाच गतीने वर जातो आणि टकदिशी थांबतो, म्हणून तो यंत्राचा वाटतो, असे त्याने वेल्डिंगवाल्या पोराला सांगितले; जिवंत हात आधी सावकाश सुटतो, मध्ये वेग घेतो आणि शेवटी बसतो. पोराला राग आला. तुम्ही कंप्युटरवाले, तुमचे काय जाते सांगायला, इथे मोटर एवढीच गती देते, असे तो म्हणाला. मग कोणीतरी सायकलची फाटकी ट्यूब आणली, ती कोपराच्या सांध्याला ताण देऊन बांधून पाहिली. पहिल्या खेपेस ती निसटून एकाच्या तोंडावर बसली, दुसऱ्या खेपेस हात अर्ध्यातच अडकला. मध्यरात्र उलटून गेली तरी ट्यूब कुठे बांधावी यावर त्या दोघांचे एकमत होत नव्हते, आणि मी गाण्यांच्या आवाजाला कंटाळून त्यांना तिथेच सोडून घरी आलो.